लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, हार्डवेअर साथ देईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप रातोरात ‘जुने’ ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. ज्यांच्याकडे हे नाही, ते लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची चौकशी करतात. दादर असो, डोंबिवली असो की मीरा रोड, प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर.

माझा अमुक कंपनीचा लॅपटॉप आहे. चालेल ना लिनक्स?

कंपनीच्या नावावरून सांगता येत नाही. डेल, एचपी, लेनोवो, एसर, आसुस, सगळ्यांचे काही लॅपटॉप निमूट चालतात आणि काही जीव खातात. लिनक्सचं जमतं किंवा बिनसतं ते आतल्या चिपशी. एकाच मॉडेलच्या एका लॉटमध्ये इंटेलचं वायफाय कार्ड असतं, पुढच्या लॉटमध्ये रिअलटेकचं. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या याच लॅपटॉपवर चालतंय’ हा पुरावा धरू नका.

प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, यूएसबी यांची काळजी सोडा. कटकट होते ती वायफाय, एनव्हिडिया ग्राफिक्स, स्लीप, फिंगरप्रिंट आणि अलीकडे कॅमेरा यांची.

चिप ओळखायला विंडोज असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडा, वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स टॅबवर ‘हार्डवेअर आयडी’ निवडा. ‘व्हेन’ (VEN) या अक्षरांपुढचा कोड कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १४सी३ मीडियाटेक, १०डीई एनव्हिडिया. ‘डेव्ह’पुढचा (DEV) कोड त्या नेमक्या चिपचा. हे दोन्ही कोड आणि पुढे ‘लिनक्स’ असं टाकून शोधलंत की पाच मिनिटांत कळतं. दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही, तो ‘सब चलता है’ म्हणणार.

लिनक्ससाठी ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचे?

बहुतेक वेळा कुठूनच नाही. विंडोजची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटातच असतात. नवा कर्नल नऊ-दहा आठवड्यांनी येतो आणि नव्या चिपचे ड्रायव्हर त्याच्याबरोबर येतात. म्हणून गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वीचं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, टाकलं की वायफाय गायब, टचपॅड मुका. दोष लॅपटॉपचा नसतो, कर्नल जुना असतो.

दुसरी गोष्ट फर्मवेअर. कर्नलमध्ये ड्रायव्हर असला तरी बऱ्याच चिपना सुरू होताना कंपनीची एक बंद (आतला कोड उघड नसलेली) फाइल भरवावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वापायी डेबियन हे डिस्ट्रो या फाइल्स नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये देत नसे आणि नवख्यांची वायफायविना पंचाईत व्हायची. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या इन्स्टॉलरमध्येच असतात. इंटरनेटवरचे त्याआधीचे रडगाणे-लेख वाचून घाबरू नका.

मग कुठलं डिस्ट्रो घेऊ?

लॅपटॉप दोन-तीन वर्षं जुना असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ पाठिंब्याची) आवृत्ती. कोरा करकरीत असेल तर फेडोरा, कारण त्यात कर्नल ताजा असतो. यापलीकडची वादावादी रिकामपणाची आहे.

विंडोज न उडवता आधी तपासून बघता येतं का?

येतं, आणि तपासल्याशिवाय इन्स्टॉल करूच नका. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस किंवा व्हेंटॉयनं त्यावर डिस्ट्रोची आयएसओ फाइल चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. डेल आणि लेनोवोवर सुरू होताना एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवरही एफ१२च, पण ते बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) जाऊन आधी चालू करावं लागतं. एसरची आणखी एक खोड अशी की सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय बायोसमध्ये सिक्युअर बूटला (फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) हात लावू देत नाही.

डेस्कटॉप दिसला की खूश होऊन ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारू नका. आधी वायफायला जोडून एखादा व्हिडिओ चालवा, म्हणजे वायफाय आणि स्पीकर एकदमच तपासले जातात. हेडफोन खुपसून आवाज तिकडे वळतो का पाहा. ब्राइटनेसची बटणं दाबा. टचपॅडवर दोन बोटांनी सरकवा. कॅमेरा उघडा. एचडीएमआयला टीव्ही जोडा. शेवटी झाकण मिटा, चहा घेऊन या आणि उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर ही तक्रार इन्स्टॉल केल्यावरही राहण्याची शक्यता दाट. एनव्हिडिया कार्ड असेल तर मात्र त्याचा ड्रायव्हर टाकेपर्यंत हा निकाल राखून ठेवा.

लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घ्यायचाय. काय बघू?

तो व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह खिशात घालूनच ग्रँट रोडला उतरा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप, म्हणजे थिंकपॅड टी मालिका, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, हे लिनक्ससाठी सर्वांत सुरक्षित. त्यात बहुधा इंटेलचं वायफाय असतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं आणि इतक्या लोकांनी त्यावर लिनक्स चालवलंय की प्रत्येक खोडीवर उतारा सापडतो. त्याच पैशात मिळणारा चमचमता गेमिंग लॅपटॉप मोह पाडेल, पण पुढचा एनव्हिडियाचा प्रश्न वाचून मग ठरवा.

दुकानात दोन गोष्टी आवर्जून पाहा. बायोसवर जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना, कारण असेल तर सिक्युअर बूट बदलता येणार नाही आणि तो पासवर्ड काढणं सोपं नसतं. आणि काउंटरवरच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर शेजारी दुसरं दुकान आहेच.

इन्स्टॉल झालं, पण वायफायच दिसत नाही!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी तातडीचा उपाय: मोबाइल यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टिदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, ड्रायव्हर लागत नाही. पुढचं सगळं या जोडणीवर करा.

आता टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून डीमेसेज ही आज्ञा सुडोसह (sudo dmesg) चालवा आणि येणाऱ्या लांबलचक मजकुरात ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. ‘फेल्ड टु लोड’ आणि त्यापुढे एखाद्या फाइलचं नाव दिसलं, तर ड्रायव्हर आहे, भरवायची फाइल नाही. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अद्ययावत करा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा, बहुधा काम होतं. वायफाय चिपचा उल्लेखच नसेल, तर कर्नलला ती चिप ओळखता आलेली नाही, नवा कर्नल लागेल.

चिपनिहाय सांगायचं तर इंटेलची कार्डं सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच कार्डांना बंद ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, उबुंटू आणि मिंटमध्ये तो ड्रायव्हर मॅनेजरमधून एका टिचकीवर येतो. रिअलटेकचं ८८२१सीई हे कार्ड स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असायचं आणि त्यानं फार लोकांना रडवलं. आता त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. ८८५२बीई असेल तर कर्नल ६.२ किंवा पुढचा हवा. मीडियाटेकचं ७९२१ निवांत चालतं, पण म्हणून त्याच घराण्यातलं ७९०२ ही चालेल असं धरू नका, त्याला बराच काळ लिनक्सचा ड्रायव्हरच नव्हता.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर आणखी एक संशयित आहे, विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. मग कधी वायफाय कार्ड अडकतं, कधी डी ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरता उघडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते कायमचं बंद करा.

वायफाय कार्डच बदललं तर?

स्वस्त आणि पक्का इलाज, पण डोळे उघडे ठेवून. मागचं झाकण काढलं की इवल्याशा दोन सोनेरी टोप्या बसवलेलं छोटं कार्ड दिसेल, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी वायर त्याला जोडलेली. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. वायरी बाजूला ओढू नका, नखानं सरळ वर उचला, टक असा आवाज येऊन सुटतात. एक स्क्रू काढला की कार्ड तिरकं होऊन हातात येतं. नवं बसवताना वायरीच जास्त सतावतात: टोपी बरोबर मध्यावर आली की दाबायची, नाहीतर कड दुमडते.

विकत घेताना इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० मागा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका. दिसायला सारखीच, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्येच होतं. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये ती मेल्यासारखी पडून राहतात. ‘एकच नंबरचा फरक आहे, चालेल’ असं काउंटरपलीकडून ऐकू आलं तरी ठाम राहा. काही जुन्या लेनोवो आणि एचपी लॅपटॉपचं बायोस मात्र परकं कार्ड दिसताच सुरूच होत नाही. तिथे यूएसबी डोंगलच.

डोंगल घेतानाही खोक्यावरच्या कंपनीपेक्षा आतली चिप विचारा. त्याच नावाच्या डोंगलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत चिप बदललेली असते. मीडियाटेक ७६१०यू किंवा ७६१२यू असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्ये कधीचाच आहे.

इन्स्टॉलरला माझी एसएसडीच दिसत नाही.

बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’, ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’वर असेल. ते ‘एएचसीआय’ करावं लागतं. पण थेट बदललंत तर विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर लटकेल. क्रम असा: आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या (मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, ‘मी कधी बिटलॉकर लावलंच नाही’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा बघा). मग विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूट निवडा, लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, नंतर सेफ बूटची खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड हाताशी ठेवा.

एसरच्या बायोसमध्ये हा पर्यायच दिसत नसेल तर मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबा. लपवलेली ओळ वर येते. असं का लपवतात, ते त्यांनाच ठाऊक.

एनव्हिडियाचं कार्ड आहे. घ्यावं की टाळावं?

आधीच असेल तर चालवता येईल. नवा घेताय आणि गेमिंग किंवा एआयचं काम नाही, तर टाळा. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एनव्हिडियानं ते वर्षानुवर्षं बंद ठेवले. २०१२ साली लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर या कंपनीला बोट दाखवून शिवी दिली होती, ती उगाच नाही. मे २०२२ मध्ये कंपनीनं कर्नलमधला भाग खुला केला, त्यात ट्युरिंग पिढीची आणि पुढची कार्डं येतात. परिस्थिती सुधारलीय, पण कटकट पुरती गेलेली नाही.

लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स असतात: रोजच्या कामाला प्रोसेसरमधलं, जड कामाला एनव्हिडियाचं. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं, म्हणून ड्रायव्हर नीट बसेपर्यंत बाहेरचा मॉनिटर काळा राहतो. केबल बदलत बसू नका.

ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर निळा पडदा येतो, ‘एमओके मॅनेजमेंट’साठी कुठलंही बटण दाबा म्हणतो आणि दहापासून उलटे आकडे मोजतो. बहुतेक लोक तोवर मोबाइल बघत असतात. आकडे संपले की पडदा जातो, ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवली जात नाही आणि मग ‘टाकला तरी चालत नाही’ अशी तक्रार येते. समोर बसा, बटण दाबा, ‘एनरोल एमओके’ निवडा, तोच पासवर्ड द्या.

सिक्युअर बूट सरळ बंदच करू का?

उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट यांना बंद करण्याची गरज नाही, ते सिक्युअर बूटसह सुरू होतात. वेगळे ड्रायव्हर टाकायचे असतील आणि वरचा खटाटोप नको असेल तर बंद करा. बंद करण्याआधी पुन्हा तेच: बिटलॉकरची की.

झाकण मिटून बॅगेत ठेवतो, अंधेरीहून चर्चगेटला पोचेपर्यंत लॅपटॉप तापतो आणि बॅटरी उतरते.

नव्या लॅपटॉपमधून जुनी गाढ झोप, एस३, कंपन्यांनी काढून टाकली. तिच्या जागी मोबाइलसारखी अर्धजागी झोप आली. विंडोजवरही लोक यावरून बोंबलतात, लिनक्सवर एखादी चिप जागी राहिली तर जास्तच.

कर्नलच्या सिस फोल्डरात पॉवर नावाचं फोल्डर आहे, त्यात मेम अंडरस्कोर स्लीप नावाची फाइल (/sys/power/mem_sleep). ती उघडली की एक किंवा दोन शब्द दिसतील, चौकटी कंसातला सध्या लागू. ‘डीप’ हा शब्द असेल पण कंसाबाहेर असेल, तर नशीब बरं: कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांत ‘डीप’ ठरवून द्या. काही थिंकपॅडमध्ये तर बायोसमध्येच स्लीपसाठी ‘लिनक्स’ असा पर्याय आहे. ‘डीप’ नसेलच तर बायोस अपडेट करून बघा, एफडब्ल्यूअपडी या साधनानं डेल, लेनोवो, एचपीच्या अनेक मॉडेलचं बायोस लिनक्समधूनच अपडेट होतं. तेही नाही जमलं तर हायबरनेट लावा. त्याला रॅमएवढी तरी स्वॅप (रॅममधला मजकूर ठेवायची डिस्कवरची जागा) लागते आणि सिक्युअर बूट चालू असताना बहुतेक ठिकाणी ते अडवलं जातं. लोकलच्या गर्दीत जाणाऱ्यांनी सरळ बंद करून निघावं, एसएसडीवर सुरू व्हायला वेळ तो किती लागतो?

आवाज येत नाही, ‘डमी आउटपुट’ दिसतं.

नव्या इंटेल लॅपटॉपला एसओएफ नावाचं आवाजाचं फर्मवेअर लागतं. डेबियनमध्ये फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरात आल्सा-एसओएफ-फर्मवेअर या नावानं ते मिळतं. टाका, रीस्टार्ट करा.

फिंगरप्रिंट आणि कॅमेरा?

फिंगरप्रिंटची आशा कमीच ठेवा. एलआयबीएफप्रिंट प्रकल्पाच्या यादीत तुमच्या सेन्सरचा कोड असेल तरच चालेल. कॅमेरे बहुतेक सगळे चालतात, अपवाद इंटेलच्या ११व्या-१२व्या पिढीपासूनच्या काही पातळ, महागड्या लॅपटॉपचा. त्यांत आयपीयू६ जातीचा कॅमेरा असतो आणि त्यासाठी बरीच खटपट करावी लागते. मीटिंग रोजच्या असतील तर साधा यूएसबी वेबकॅम जोडा.

लिनक्स टाकल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. बॅटरी गेली का?

नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेनं लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं.

घड्याळ थेट काही वर्षं मागे गेलं तर मात्र मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय. जुन्या लॅपटॉपमध्ये हे होतंच. मग वेबसाइट उघडत नाहीत, अपडेट ‘अजून वैध नाही’ म्हणून अडतात आणि माणूस उगाच वायफायला दोष देतो.

ऑफिसातला प्रिंटर आणि डिजिटल सही?

मुंबईत झेरॉक्सच्या दुकानापासून सीएच्या ऑफिसापर्यंत कॅननचा एलबीपी २९०० असतोच. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. लिनक्सवर बसतो, पण चिकाटी लागते. एचपीचा लेझरजेट १०२० त्या मानानं सरळ. त्याला दर वेळी सुरू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर लागतं आणि एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा टाकलं की ते आपोआप जातं. वायफायवरचे नवे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरविनाच सापडतात.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लिनक्स ओळखतं, अडतं ते सही करणाऱ्या युटिलिटीपाशी, कारण त्या बऱ्याचदा विंडोज धरूनच बनवलेल्या असतात. जीएसटी, आरओसीची कामं रोजची असतील तर विंडोजचं पार्टिशन ठेवा किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज चालवून टोकन तिकडे जोडा.

दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉप माळ्यावर पडलाय. जिवंत होईल?

प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, ते आधी बघा. उबुंटूनं ३२ बिट डेस्कटॉपची आयएसओ २०१७ मध्येच बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ लाही ३२ बिट इंटेलचा इन्स्टॉलर नाही. कोअर टू ड्युओ असेल तर तो ६४ बिटचा आहे. रॅम चार जीबी करा, हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी घाला, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा. पत्रं लिहायला, यूट्यूब बघायला पुरतो. रॅम वाढवता येत नसेल तर लिनक्सही चमत्कार करणार नाही, ब्राउझर दोन टॅबमध्ये दोन जीबी फस्त करतो.

मॅकबुक किंवा स्नॅपड्रॅगनचा नवा लॅपटॉप?

२०१८ ते २०२० च्या टी२ चिपवाल्या मॅकना खास कर्नल लागतो. एम१, एम२ साठी ‘असाही’ (Asahi) नावाचा लिनक्स आहे, पण सगळं चालत नाही. स्नॅपड्रॅगन फक्त हौस असेल तर.

अडलं तर मदत मागताना काय सांगू?

‘वायफाय चालत नाही, अर्जंट’ एवढ्यावर कुणीच काही करू शकत नाही. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, युनेम वजा आर (uname -r) या आज्ञेनं दिसणारा कर्नल, एलएसपीसीआय वजा एनएनके (lspci -nnk) मध्ये त्या चिपची ओळ आणि डीमेसेजमधली चूक. स्क्रीनचा तिरका फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. विंडोजवर तेच हार्डवेअर चालतं का, तेही लिहा. बंद पडलेल्या कार्डावर ड्रायव्हर शोधत बसणारे पुष्कळ आहेत.

टर्मिनलचीच भीती वाटत असेल तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत आहेत, फुकट. आज्ञा टाइप करून दाखवतात, थांबवून थांबवून बघता येतात.